परिचयकर्ता पाहिजे

मला ओळखणारा एक माणूस हवा होता. जास्त नाही, एकच. वाचनालयाच्या अर्जावर तो कसा असावा हेही छापलेलं होतं: नातेवाईक नसावा, स्वतः सभासद असावा आणि अर्जदाराला निदान पाच वर्षं ओळखत असावा. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. चौसष्ट वर्षं या गावात काढली, एक सोडून दहा उभे करतो. हे मनातच म्हटलं ते बरं झालं. मोठ्याने म्हटलं असतं तर काउंटरवरच्या बाईंनी लक्षात ठेवलं असतं, आणि त्या बाई काही विसरणाऱ्यांतल्या नव्हेत.

आता या वयात वाचनालय कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. आमच्या जुन्या गावाच्या वेशीआत, तटबंदीला अगदी खेटून, हे नवं वाचनालय झालं आहे. चार मजले, सगळी काच. सहाशे वर्षांची भिंत आणि सहा महिन्यांची काच शेजारीशेजारी उभ्या आहेत आणि दोघींनाही एकमेकींचं फारसं कौतुक दिसत नाही. तळमजल्यावर वर्तमानपत्रं आहेत, ती कोणीही वाचावीत, पण उभ्याने. वर जायला कार्ड लागतं. तिसऱ्या मजल्यावर तटाच्या बाजूला खिडकीलगत खुर्च्यांची ओळ आहे. मला त्यातली एक हवी होती.

घरी मला वाचता येत नाही, कारण घर फार शांत आहे. आमची ही होती तेव्हा मी पेपर उघडला रे उघडला की हिला दहा गोष्टी आठवायच्या. गॅस बंद केलात का, लेकीला फोन केलात का, बाल्कनीतला टॉवेल ओला आहे की वाळला. मी चिडायचो. दोन ओळी सलग वाचू देशील तर शपथ, असं कैकदा म्हटलं असेन. ही जाऊन दोन वर्षं झाली. आता अख्खं पान सलग वाचतो आणि शेवटी काय वाचलं ते सांगता येत नाही. मला आजूबाजूला माणसं हवी होती. बोलणारी नसली तरी चालतील. पान उलटणारी, खोकणारी, चष्मा पुसणारी असली की झालं.

पहिल्या दिवशी वाचनालयाचं दारच उघडेना. आपोआप उघडणारं दार होतं. माझ्यासमोर एक कॉलेजकन्या गेली, उघडलं. मी गेलो, बंद. दोन पावलं मागे आलो, पुन्हा गेलो, तरी बंद. पहारेकरी स्टुलावरून म्हणाला, "काका, जरा मधोमध उभे राहा, हात हलवा. तुम्ही दिसत नाही त्याला." एका दारासमोर, भर रस्त्यात, मी हात हलवून स्वतःच्या अस्तित्वाचा पुरावा दिला. तेव्हाच मी घरी परत जायला हवं होतं.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "घरात कुणी सभासद आहे का?"

"होती," मी म्हणालो. चौकातल्या जुन्या वाचनालयाची ही वीस वर्षांची सभासद. एक पुस्तक स्वतःसाठी आणायची, एक माझ्यासाठी. त्यामुळे मला सभासद व्हायची कधी वेळच आली नाही. पुस्तक बदलून आणणं हे काम घरात आपोआप होतं, अशीच माझी समजूत होती.

बाईंनी माझ्याकडे जरा थांबून पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की मग परिचयकर्ता लागेल. नियम जुना आहे, सॉफ्टवेअर नवीन आहे, आणि सॉफ्टवेअर नियमापेक्षा कडक आहे. पूर्वी लोक नुसती सही ठोकून मोकळे व्हायचे. म्हणून आता परिचयकर्त्याने अर्जदाराला आपण कसे ओळखतो, ते स्वतःच्या हस्ताक्षरात किमान पन्नास शब्दांत लिहायचं. मला मिळालेल्या टोकनची मुदत पंधरा दिवस. मुदत टळली की यादीच्या शेवटी जायचं, आणि यादीत सातशे माणसं.

हा नियम मला का झोंबला ते सांगतो. मी सरकारी कचेरीत नक्कल विभागात एकतीस वर्षं काढली. दाखल्यांवर 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो' असा शिक्का असायचा. शिक्का मी मारायचो, खाली साहेब सही करायचे. दिवसाला साठ-सत्तर इसम. त्यातल्या एकाकडेही मी मान वर करून पाहिलं असेल तर आठवत नाही. शिक्का सरळ पडतोय ना, एवढंच बघायचो. तो सरळच पडायचा, याचा मला उगाचच अभिमान होता.

असो. घरी येऊन वहीत नावं लिहायला घेतली. नातेवाईक खोडले. हयात नसलेले खोडले. हिच्या मैत्रिणी खोडल्या, कारण त्या हिला ओळखायच्या, मला फक्त दार उघडणारा माणूस म्हणून. राहिले तीन. एक न्हावी. तो मला वीस वर्षं ओळखतो, पण मागून. शिवाय तो सभासद नव्हता. दुसरे दूधवाले, त्यांनी वाचनालय म्हणजे काय इथून सुरुवात केली. तिसरा कचेरीतला जुना सहकारी. तो सभासद आहे हे मला पक्कं माहीत होतं, कारण तळमजल्यावर मी उभ्याने पेपर वाचत असताना तो लिफ्टने वर जाताना दिसला होता.

त्याला मी सहाव्या दिवशी गाठलं. काय सांगू, त्याने मला मिठीच मारली. शेजारच्या टपरीवर चहा मागवला. तासभर बोललो. साहेबांचे किस्से झाले, शिपायाच्या लग्नाची आठवण निघाली. मग तो म्हणाला, "दोन्ही मुलं काय म्हणतात?" मला एकच मुलगी. तरी मी म्हणालो, "बरी आहेत." कारण इतकं छान चाललं होतं, की मध्येच दुरुस्ती करणं जिवावर आलं. पुढे त्याने माझ्या हिशेब विभागातल्या दिवसांचं, माझ्या बुलबुलतरंगाचं आणि माझ्या पोटाच्या ऑपरेशनचंही विचारलं. मी ऑपरेशनही करून घेतलं. शेवटी त्याने अर्ज पुढे ओढला आणि सुरेख अक्षरात सत्तर शब्द लिहिले. नाव हिशेब विभागातल्या त्या दुसऱ्या माणसाचं होतं.

मी म्हटलं, "अरे, मी तो नव्हे. मी नक्कल विभागात होतो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "नक्कल विभागात," तो म्हणाला, "कोण होतं बरं?"

मी चहा संपवून उठलो. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला नाही. तासभर का होईना, दोन मुलांचा बाप होतो, बुलबुलतरंग वाजवत होतो, आणि कुणीतरी मला भेटून खूश झालं होतं.

अर्ज मात्र बाद झाला. शाईने लिहिलेलं खोडून चालत नाही. नवीन अर्ज त्याच टोकनवर मिळायला तीन दिवस लागले, कारण तो देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते मॅडम प्रशिक्षणाला गेले होते, हे मला पहारेकऱ्याने सांगितलं. मॅडम 'गेले' कसे, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं.

अकराव्या दिवशी आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. यांना मदत करण्याची फार हौस. त्यांनी मदत केलेली माणसं आमच्या इमारतीत ओळखू येतात, ती जिना हळू चढतात. माझी कर्मकथा ऐकून त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढंच ना? आपल्या ग्रुपवर टाकते. चोवीस घरं आहेत, निघेल की कुणीतरी."

"वहिनी, नको. गाजावाजा कशाला."

"गाजावाजा कसला त्यात? एक ओळ टाकायची."

त्यांनी खरोखर एकच ओळ टाकली. 'दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना चांगलं ओळखणारी व्यक्ती वाचनालयाच्या अर्जासाठी तातडीने हवी आहे, पुढे पाठवा.' सोबत फोटो. तो गच्चीवरच्या कुठल्याशा बैठकीतला होता. त्यात माझे डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड अर्धं उघडं. लोकांनी आज्ञाधारकपणे पुढे पाठवलं. कुणीतरी लांब वाटलं म्हणून वाचनालय गाळलं. कुणीतरी मजला गाळला. रात्रीत फोटो गावभर फिरला आणि सकाळपर्यंत मजकूर झाला: 'हे काका सापडले आहेत. नाव-पत्ता सांगता येत नाही. कोणी ओळखतं का?'

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाराव्या दिवशी मी फोन चार्जिंगला लावून, प्रशिक्षणाहून 'आलेल्या' मॅडमकडे मुदत वाढवून मागायला निघालो. वेशीजवळ एका हेल्मेटवाल्या गृहस्थाने गाडी थांबवली, फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि येऊन माझा हात धरला.

"काका, घाबरू नका. घर कुठं आहे आठवतं का?"

"आठवतं ना. तिथूनच येतोय."

"हो हो," तो शेजारच्याला म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. कुणी पाणी दिलं, कुणी बिस्किटांचा पुडा हातात ठेवला. एका आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कुणाचा बाप आहे कोण जाणे." मी शुद्ध, स्पष्ट मराठीत सांगत होतो की मी शहाणा माणूस आहे. हे वाक्य शहाण्या माणसाने बोलू नये. ते बोलायची पाळी आली की पुढचं सगळं आपल्याविरुद्ध जातं. गृहस्थाने मला गाडीवर बसवलं आणि पोलीस चौकीत नेलं. माणूस चांगला होता. वळणावर हळू घेत होता.

चौकीतले हवालदारही चांगलेच होते. सगळेच चांगले होते, तीच तर पंचाईत. मी ओळखपत्र काढून दिलं. त्यावर अठरा वर्षांपूर्वीचा मी, भरघोस मिशांसकट. हवालदार म्हणाले, "कार्ड बरोबर आहे हो. पण तुम्हाला काही आठवत नाही असं या मेसेजमध्ये लिहिलंय. मग हे कार्ड तुमचंच आहे हे तुम्हाला कसं आठवतं?"

याला उत्तर नसतं. असेल तर मला कळवा.

"घरचा कुणाचा नंबर सांगा," ते म्हणाले.

लेकीचा नंबर परदेशातला, चौदा आकडी, फोनमध्ये. फोन घरी. मला पाठ असलेला नंबर एकच होता. तोंडातून घडाघडा निघून गेला, आणि त्यांनी फिरवायला घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की तो हिचा. मी म्हणणार होतो, थांबा, लावू नका. पण म्हणालो नाही. का नाही, ते मला विचारू नका. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. एका बाईने सांगितलं की हा नंबर अस्तित्वात नाही.

हवालदारांनी फोन ठेवला, माझ्यासमोर चहा सरकवला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, नोकरीतली सवय. 'स्मृतिभ्रंश, नक्की' असं लिहिलं होतं. मी चहा प्यायलो.

मग त्यांनी त्याच मेसेजवर उत्तर टाकलं, की सदर इसम चौकीत सुखरूप आहेत, ओळखणाऱ्याने येऊन घेऊन जावं. म्हणजे पुन्हा तेच. मी बाकावर बसून राहिलो. वहिनी यायला हव्या होत्या, त्या नणंदेकडे गेल्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी यायला हवे होते. मागाहून कळलं, चोवीसही घरांनी मेसेज वाचला, आणि प्रत्येकाला वाटलं दुसरं कुणीतरी गेलंच असेल. चाळीस मिनिटं गेली. आणि दारात कोण उभं? आमचे खालचे.

खालचे म्हणजे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ. माझ्या न्हाणीघराचा नळ त्यांच्या छतात गळतो, असं त्यांचं म्हणणं. अकरा वर्षांचं म्हणणं आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मला भर बैठकीत बेजबाबदार म्हटलं, मी त्यांना रिकामटेकडे म्हटलं, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तक्रार असली की ते कागदावर लिहून माझ्या दाराखालून सरकवतात. मी वाचतो आणि फाडतो. ते मात्र प्रत्येकाची प्रत ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्यांच्या बगलेत जाडजूड फाइल होती.

"यांना ओळखता?" हवालदारांनी विचारलं.

"ओळखतो," खालचे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फाइल टेबलावर उघडली. "अकरा वर्षं. एकशे बेचाळीस तक्रारी. तारीखवार आहेत. स्मृतिभ्रंश वगैरे काही नाही. नळ दुरुस्त करायचं तेवढं आठवत नाही."

हवालदार फाइल चाळायला लागले. तोंडावर हात धरून चाळत होते. मी म्हणालो, "हवालदारसाहेब, यांना सांगा, नळ मी तीनदा दुरुस्त केलाय."

"साहेब, यांना सांगा, तीनदा तोच प्लंबर आणला."

"यांना सांगा, दुसरा मिळत नाही."

हवालदारांनी 'स्मृतिभ्रंश' खोडून सही केली आणि आम्हा दोघांना दारापर्यंत सोडलं. निघताना खालचे पुन्हा त्यांच्याकडेच तोंड करून म्हणाले, "यांना सांगा, अर्ज माझ्या दाराखालून सरकवा. मी सभासद आहे, जुन्या वाचनालयापासून." आम्ही घरी चालतच आलो. ते दहा पावलं पुढे, मी दहा पावलं मागे. जिन्यात त्यांचं दार लागलं, मग मी वर गेलो.

त्या दिवशीच मी अर्ज सरकवला. चौदाव्या दिवशी सकाळी तो माझ्या दाराखालून आत आला. मला वाटलं, एकशे त्रेचाळीसावी. अर्ज बघितल्यावर उभ्याउभ्याच वाचला. त्यांचं अक्षर तक्रारीचं असतं तसंच होतं, टोकदार.

'सदर गृहस्थ माझ्या डोक्यावर राहतात. अकरा वर्षांत आमचं बोलणं भांडणापुरतं झालं. सहाला उठतात. चालताना उजवा पाय घासतात. दुपारी चारला चहा करतात आणि टेबलाच्या दोन खुर्च्या ओढतात. पत्नी गेल्यापासूनही दोनच ओढतात. गेल्या वर्षी एके दिवशी चारला आवाज आला नाही. मी टीव्ही बंद करून बसलो. पाचला जिन्यात जाऊन उभा राहिलो. बोलणं बंद असल्याने बेल वाजवता आली नाही. सहाला ते औषधांची पिशवी घेऊन बाहेरून आले. तेव्हापासून चारचा आवाज आल्याशिवाय मी टीव्ही लावत नाही. माणूस सरळ आहे. सभासद करून घेण्यास हरकत नाही.'

दोन खुर्च्या मी ओढतो हे मला त्या कागदावरून कळलं. ती संध्याकाळही आठवली. मी दातांच्या डॉक्टरांकडून येत होतो. ते जिन्यात उभे होते. मला वाटलं भांडायला थांबलेत. मी मान फिरवून वर निघून गेलो होतो.

पंधराव्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी शब्द मोजले. मोजता मोजता मध्येच थांबल्या आणि पुढचं नुसतंच वाचलं. "पन्नास पुरे होते," त्या म्हणाल्या, आणि कार्ड काढून दिलं. कार्डावर माझा नवा फोटो आहे. डोळे उघडे आहेत.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलो. खिडकीलगतची खुर्ची मिळाली. काचेपलीकडे हातभर अंतरावर तटाचे काळे दगड, त्यांच्या फटीत गवत. उजवीकडे एक बाई वहीत टिपणं काढत होत्या, डावीकडे एक म्हातारे गृहस्थ दर पाच मिनिटांनी खोकत होते. अगदी मला हवं तसंच. दोन वर्षांत पहिल्यांदा मी अकरा पानं वाचली आणि अकराही लक्षात राहिली. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. बारावं पान उलटताना घड्याळाकडे लक्ष गेलं. चारला दहा कमी.

मी पुस्तक तसंच टेबलावर ठेवून उठलो. लिफ्ट येईना म्हणून जिना उतरलो. खाली दाराने मला पाहिलं की नाही कोण जाणे, दुसऱ्या कुणाच्या तरी मागून बाहेर पडलो. वेशीत हातगाड्यांची गर्दी. या वयात पळणं शोभत नाही, तेव्हा पळालो असं म्हणत नाही, पण दोन ओळखीच्या नसलेल्या माणसांनी "काका, काय झालं?" असं विचारलं. इमारतीत पोचलो तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पहिल्या मजल्यावरचं दार बंद होतं. आतून काहीही आवाज येत नव्हता. बेलपर्यंत हात नेला. सहा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं असतं, हे कुठल्या अर्जात छापलेलं नाही. हात खाली घेतला आणि वर गेलो.

कुलूप काढून तसाच चपलांनिशी स्वयंपाकघरात शिरलो आणि खुर्ची ओढली. आधी माझी. मग हिची. जरा जोरातच ओढली, फरशीवर ओरखडा आला असेल. मग दोन खुर्च्यांमध्ये कान देऊन उभा राहिलो.

खाली टीव्ही लागला. कसल्यातरी बातम्या होत्या. मी चपला काढल्या आणि चहा टाकला.